विश्लेषण : गर्दी पावसात, नुकसानही पावसातच! मुळशीतल्या बांबूच्या टोपल्यांचे गणित का बिघडते?

जुलै-ऑगस्टमधला शनिवार-रविवार म्हणजे चांदणी चौकापासून भूगाव, पिरंगुट, पौडमार्गे थेट ताम्हिणीपर्यंत गाड्यांची रांग. धबधबे, धुके, भाजलेले कणीस आणि कांदाभजी. याच रस्त्याच्या कडेला आणि तालुक्यातल्या आठवडे बाजारांत मेणकापडाच्या आडोशाला सुपे, टोपल्या, रोवळ्या मांडून बसलेल्या बायका दिसतात. गाडी थांबते, कणीस विकले जाते, टोपली मात्र भिजत राहते. वर्षातली सर्वात जास्त गिऱ्हाइके ज्या महिन्यांत दारात येतात, नेमक्या त्याच महिन्यांत हा माल उघड्यावर ठेवता येत नाही. असे का होते, नुकसान नेमके कुठे होते आणि त्यावर काय करता येते?

मुळशीचा पाऊस वेगळा का?

पुण्यात पाऊस म्हणजे काय हे ज्याला शिवाजीनगरच्या आकड्यांवरून कळते, त्याला मुळशीचा पाऊस कळत नाही. २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या २४ तासांत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिमी पाऊस झाला, तेव्हा शहरात पूर आला आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरले. त्याच २४ तासांत ताम्हिणीची नोंद होती ५५६ मिमी. हवामान विभागाच्या व्याख्येत २०४.५ मिमी किंवा त्याहून जास्त पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतात. ताम्हिणीने एका दिवसात त्याच्या अडीचपटीहून अधिक पाऊस घेतला.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. त्यामुळे ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेकडे पिरंगुट-भूगावला येईपर्यंत तो झपाट्याने कमी होतो. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर, तासाभराच्या अंतरात हा फरक आहे. विक्रेत्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पौडला रिमझिम असताना माल घेऊन वर गेलेली बाई तासाभराने धुवांधार पावसात उभी असू शकते.

मग कोरड्या दिवसांत का विकत नाहीत?

हा प्रश्न शहरातून सहज विचारला जातो. त्याचे उत्तर टोपलीत नाही, ती विणणाऱ्याच्या वर्षभराच्या वेळापत्रकात आहे.

बांबूकाम हा परंपरेने बुरूड समाजाचा व्यवसाय. पुण्यातल्या बुरूड आळीचे नाव त्यावरूनच पडले. मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात मात्र कातकरी कुटुंबेही टोपल्या, सुपे, मासे धरायचे सापळे विणतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अनेक कातकरी कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी उरकली की वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायच्या कामावर बाहेर पडतात. अनेकदा आधीच घेतलेल्या उचलीपोटी. ती परततात थेट पावसाच्या तोंडावर. म्हणजे ज्या सात-आठ महिन्यांत ऊन असते, बाजार कोरडा असतो, पुण्या-मुंबईत हस्तकलेची प्रदर्शने भरतात, त्या काळात हा विणकर गावातच नसतो. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते तेव्हा बचतगटांचे स्टॉल लागतात. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला त्या स्टॉलचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यात तो घरी असतो. भातलावणीची मजुरी काही आठवडे मिळते, ती संपली की हातात रोकड नसते. मग रानभाज्या, खेकडे, मासे आणि टोपल्या. पावसात टोपली विकणे ही हौस किंवा व्यवहाराची चूक नव्हे. तेवढाच काळ हातात असतो.

दुसरे कारण मागणीचे. बांबूच्या वस्तूंचे जुने कॅलेंडर पावसाभोवतीच फिरत होते. पेरणी-लावणीआधी इरली, लावणीच्या दिवसांत हारे आणि टोपल्या, गौरीला सुपे (कोकणात ओवशाला सुपाशिवाय चालत नाही), नवरात्रात परड्या, भात घरात आले की पाखडायला सूप आणि साठवायला कणगी. यातल्या इरल्याची गोष्ट तर विचार करण्यासारखी आहे. बांबूच्या बारीक बेळांची दुहेरी जाळी, मध्ये पळसाची पाने, आकार पाठीवर पालथ्या घातलेल्या होडीसारखा. वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. आज लावणीच्या खाचरात प्लास्टिकचे कागद आणि रेनकोट दिसतात आणि पावसापासून माणसाला वाचवणारी वस्तू विणणारी मंडळी स्वतःचा माल प्लास्टिकने झाकून बसतात. इरले आता हॉटेलच्या भिंतीवर शोभेला लागते. तिथे त्याला भावही बरा मिळतो, हे वेगळे.

शेतीची मागणी घटली तशी पर्यटकांची आली. पण पर्यटकाला कणगी नको असते. त्याला फळांची टोपली, दिव्याची शेड, पेन स्टँड, राखी, आकाशकंदील हवा असतो. या वस्तू बारीक बेळांच्या, गुळगुळीत, फिक्या रंगाच्या. भिजल्या की डाग सर्वात आधी यांच्यावरच उमटतो.

टोपली भिजली तर बिघडते काय?

बांबू पाण्यात कुजून एका दिवसात संपत नाही. बाजारात भिजलेली टोपली संध्याकाळी पुसली तर जवळपास नवीच दिसते. म्हणूनच हा तोटा हिशेबात धरला जात नाही. तो घरी गेल्यावर सुरू होतो.

बांबू हवेतली ओल शोषतो आणि सोडतो. आजूबाजूची हवा जितकी दमट, तितके पाणी तो धरून ठेवतो. पावसाळ्यात घाटात हवेची आर्द्रता सलग अनेक दिवस ९० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत बांबूतल्या पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत जाते. बुरशीला तेवढे पुरते. त्यात बांबूच्या आतल्या भागात स्टार्च आणि साखर भरपूर, म्हणजे बुरशीला जेवणही तयार. बाहेरची हिरवी, चकचकीत पाठ पाणी फारसे आत घेत नाही. आतल्या पोटाकडच्या बेळांना मात्र काळे-हिरवे ठिपके आधी पडतात. स्वस्त वस्तूंत पोटाकडची बेळे जास्त वापरली जातात, त्यामुळे स्वस्त टोपली आधी खराब होते.

इथे सर्वात मोठी चूक चांगल्या हेतूने होते. पाऊस आला की माल पटकन प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला जातो आणि घरी नेऊन तसाच ठेवला जातो. पिशवीत बाहेरचे पाणी जात नाही, पण आतली ओलही बाहेर पडत नाही. दोन-तीन दिवसांत बुरशी. पुढच्या आठवड्याच्या बाजारात तोच माल निम्म्या किमतीला मागितला जातो, किंवा गिऱ्हाईक हातात घेऊन वास घेते आणि ठेवून देते. बुरशी नाही लागली तर पुढे भुंगा लागतो. बारीक भोके आणि खाली पडणारा पिठासारखा भुसा ही त्याची खूण.

जुन्या घरांत यावर उत्तर होते, ते म्हणजे चूल. चुलीच्या वर टांगलेली टोपली धुराने काळपट व्हायची, पण धूर आणि उष्णता दोन्हीमुळे ती कोरडी राहायची आणि कीडही दूर राहायची. धान्याच्या कणग्यांना शेणाचा लेप दिला जायचा. पर्यटकाला मात्र काळपट, धुराचा वास येणारी फळांची टोपली चालत नाही.

आधुनिक उपाय बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्याचा. दोन्ही मिळून साधारण पाच टक्क्यांचे द्रावण करून त्यात बेळे किंवा तयार वस्तू भिजवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. प्रशिक्षण वर्गांत हे शिकवले जाते. दोन गोष्टींवर मात्र जोर द्यायला हवा. पहिली, हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणजे प्रक्रिया केलेली टोपली वारंवार पावसात भिजली तर औषध धुऊन जाते; प्रक्रिया केली म्हणून माल उघड्यावर ठेवता येतो, असा अर्थ काढू नये. दुसरी, तांदूळ धुवायची रोवळी, धान्य पाखडायचे सूप, भाकरीची दुरडी अशा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना ही प्रक्रिया करू नये. तिथे ऊन, वारा आणि हलका धूर हेच बरे.

वाळवण्याचा हंगाम मे महिना. तोही आता भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये मान्सून पुण्यात आणि मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. पुण्यासाठी त्याची सर्वसाधारण तारीख १० जून आहे. त्याआधीचे दोन आठवडेही राज्यभर अवकाळी पावसाचेच होते. त्या वर्षी ज्यांनी उन्हाळ्याच्या शेवटच्या उन्हावर भरवसा ठेवला, त्यांचा कच्चा माल ओलाच राहिला. पावसाळ्यात नवा बांबू तोडायचा नसतो, कारण तेव्हा बेटात नवे कोंब फुटतात आणि तोडणीत ते मोडतात. तोड साधारण दसऱ्यानंतरची. मे गेला की पाच महिने आहे त्यावरच भागवायचे.

पाल उडते तेव्हा जोर किती असतो?

रस्त्याकडेला चार बांबू आणि मेणकापडाची पाल, किंवा अलीकडे बचतगटांना मिळालेली १० फूट बाय १० फुटांची घडीची छत्री-मांडणी. दोन्हीचे शत्रू दोन, वारा आणि साचणारे पाणी.

आधी पाणी. १० बाय १० फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. कापड मध्ये झोळले आणि त्यावर सरासरी फक्त एक सेंटीमीटर पाणी साचले, तरी ९० किलोहून अधिक वजन. घडीच्या सांगाड्याचे सांधे तेवढ्याने वाकतात. त्या २५ जुलैच्या ५५६ मिमी पावसात इतक्याच आकाराच्या छपरावर २४ तासांत पाच हजार लिटरहून अधिक पाणी पडले असते, म्हणजे घराच्या गच्चीवरच्या १,००० लिटरच्या पाच टाक्या. म्हणून उपाय साधा आहे. कापड सपाट ताणू नये, एका बाजूला ठसठशीत उतार द्यावा आणि पाणी मालाच्या मागे पडेल असे पाहावे. गावातली पाल अशीच उतरती असते. सपाट मांडणी शहरातून आली.

आता वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमीच्या झोताला हेच छप्पर ढोबळमानाने ७० किलोच्या जोराने उचलले जाते. ताशी ६० किमीला हाच आकडा दीडशे किलोच्या पुढे जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन बांधला तर ८० किलोची भर पडते, म्हणजे पहिल्या वाऱ्याला जेमतेम पुरते, दुसऱ्याला नाही. परदेशातल्या अनेक खुल्या हस्तकला बाजारांत प्रत्येक पायाला ठरावीक वजन बांधल्याशिवाय स्टॉल लावूच देत नाहीत, आणि पाऊस आला तरी भाडे परत मिळत नाही, ही अटही असते. आपल्याकडे दुसरी अट आहे, पहिली नाही. विटेला सुतळी बांधून काम भागवले जाते. एका विटेचे वजन जेमतेम तीन किलो.

वाऱ्याचा जोर वाढला की छप्पर वाचवण्याच्या नादात खांब धरून उभे राहू नये. कापड सोडून द्यावे. विजा चमकत असतील तर धातूच्या सांगाड्याखाली किंवा एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबू नये.

अ‍ॅलर्ट कसा वाचायचा?

पुणे जिल्ह्याचा अंदाज देताना हवामान विभाग घाट परिसराचा इशारा वेगळा देतो. शहरासाठी यलो आणि घाटासाठी ऑरेंज किंवा रेड, असे जुलैत अनेकदा होते. मोबाईलवर पुण्याच्या नावापुढचा रंग पाहून ताम्हिणीकडे माल नेणाऱ्याची तिथेच फसगत होते. ‘घाट’ हा शब्द शोधावा. बाजाराच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा जास्त कामाचा. त्यात वाऱ्याच्या वेगाचाही उल्लेख असतो. विजांसाठी पुण्याच्याच आयआयटीएम या संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ते उपयोगी पडते, कारण विजांचा धोका तेव्हाच जास्त.

रंगांचा दुसरा परिणाम थेट धंद्यावर होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मुळशी, मावळसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याचा पूल पडून चौघांचा मृत्यू झाला आणि पुन्हा कडक निर्बंध आले. जीव वाचवायचे तर हे आदेश हवेतच, त्यावर वाद नाही. मात्र रस्ता बंद झाल्याची बातमी पर्यटकाच्या मोबाईलवर आदल्या रात्री पोहोचते आणि तो येत नाही. वाडीवरची बाई पहाटे डोक्यावर भारा घेऊन निघते आणि रिकामा रस्ता पाहते. तिच्यापर्यंत ही सूचना पोहोचवणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. बचतगटांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, एक संदेश पुरतो.

सरकारी योजनांत या नुकसानाला जागा आहे का?

थोडक्यात सांगायचे तर कर्जाला आहे, अवजारांना आहे, भिजलेल्या मालाला नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि टोपली, चटई, झाडू विणणारे त्यात येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप. चांगली योजना आहे. पण कर्ज घेऊन विणलेला माल बाजारात भिजला तर हप्ता चुकत नाही.

फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा कायदा शहरी भागापुरता आहे. आठवडे बाजार भरतो ग्रामपंचायतीच्या हद्दीत, त्यामुळे त्या कायद्यातली फेरीवाला समिती किंवा विक्रीचे प्रमाणपत्र इथे लागू नाही. पीएम स्वनिधी ही कर्ज योजनाही २०२० मध्ये शहरी फेरीवाल्यांसाठीच आली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिला २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली, पहिल्या कर्जाची रक्कम १० वरून १५ हजार झाली आणि टप्प्याटप्प्याने शहरालगतच्या भागांपर्यंत ती नेण्याचे ठरले. पुण्याला चिकटलेल्या भूगाव-पिरंगुट पट्ट्याने याकडे लक्ष ठेवायला हवे. वरच्या वाड्यांना त्याचा उपयोग दिसत नाही.

कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम जनमन आली. घर, रस्ता, वीज यांबरोबर वनधन केंद्रांचीही तरतूद त्यात आहे. असे केंद्र म्हणजे मालाचे संकलन आणि साठवण एका छताखाली. बांबूच्या वस्तूंसाठी कोरड्या छताची किंमत शहरी माणसाला कळणार नाही. ज्या झोपडीत माणसांनाच कोरडी जागा कमी, तिथे ५० टोपल्या कुठे ठेवायच्या?

२०१७ मध्ये केंद्राने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आणि शेतातला बांबू तोडणे-नेणे सोपे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणही मंजूर केले. चर्चा सगळी लागवडीची, कारखान्यांची आणि गुंतवणुकीची. ज्या जागेवर विणकराला आज पैसे मिळतात ती जागा, म्हणजे बाजाराचा ओटा, या चर्चेत सहसा दिसत नाही.

ओटा ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली गोष्ट आहे. आठवडे बाजारातून ग्रामपंचायत, थेट किंवा ठेका देऊन, बाजारकर वसूल करते. पाऊस असो नसो, पावती फाडली जाते. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीपैकी ४० टक्के रक्कम ‘अबंधित’ होती, म्हणजे पगार सोडून स्थानिक गरजेवर खर्च करता येणारी. जमिनीपासून दोन फूट उंच ओटा, वर पत्र्याचे उतरते छप्पर, पाणी जायला गटार आणि कडेला एक कुलूपबंद खोली, एवढ्यात हस्तकलेच्या विक्रेत्याचा अर्धा तोटा थांबतो. छपरापेक्षाही ती खोली महत्त्वाची. न विकलेला माल पावसात परत न्यावा लागत नाही.

विम्याचे काय? उष्णतेसाठी एक प्रयोग झाला आहे. ‘सेवा’ या महिला संघटनेच्या पुढाकाराने २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार महिलांना असे संरक्षण मिळाले, की तापमान ठरावीक पातळीपुढे गेले की नुकसानीचा पंचनामा न करता थेट खात्यात पैसे. पावसासाठी हे तत्त्व वापरायला तांत्रिक अडचण फारशी नाही, फक्त पर्जन्यमापक जवळचा हवा. ताम्हिणीच्या आकड्यावर पिरंगुटचा विमा चालणार नाही.

पावसात टोपली घ्यायची तर काय पाहावे?

आधी वास घ्या. बांबूचा ताजा, गवतासारखा वास ठीक. कुबट वास आला तर आत ओल मुरली आहे. टोपली उलटी करून तळ बघा, ठिपके तिथे आधी दिसतात. बारीक भोके आणि भुसा दिसला तर ती घेऊ नका. फक्त वरवर भिजलेली असेल तर बिनधास्त घ्या आणि किंमत पाडून मागू नका, कारण ती वाळते. विक्रेतीने पिशवी दिली तर तोंड उघडे ठेवा; गाडीच्या बंद डिकीत टोपली रात्रभर राहू देऊ नका. घरी आल्यावर कोरड्या कपड्याने पुसून पंख्याखाली दोन-तीन दिवस, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी टांगून ठेवा. कडक उन्हात एकदम ठेवली तर बेळ चिरते. आणि घाटात रेंज गेली की क्यूआर कोड चालत नाही, तेव्हा निघताना खिशात शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा असू द्या.